हळदीच्या रेणूचे शंभर पिकोसेकंद

लेसरच्या लॅबमध्ये माझं पहिलं काम होतं दोरा ताणण्याचं. पांढऱ्या शिवणदोऱ्याचं रीळ आणि शिंप्याची टेप. लेसर बंद, खोलीतले दिवे चालू, आणि मी ऑप्टिकल टेबलवर ओणवी होऊन एका आरशाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत दोरा नेतेय, तिथून तिसऱ्या, तिथून लेन्स, तिथून नमुना ठेवायच्या जागेपर्यंत. मग दोरा उचलून टेपला लावायचा. दोन वाटा, दोन दोरे. त्यांची लांबी सेंटिमीटरभराच्या आत सारखी यायला हवी, कारण प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, ३० सेंटिमीटर जातो. एका सेंटिमीटरची चूक म्हणजे ३३ पिकोसेकंदांची चूक. आणि मला जे बघायचं होतं, ते बहुतेक सगळं पहिल्या शंभर-दोनशे पिकोसेकंदांत घडून संपणार होतं. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग. फेम्टोसेकंद त्याचाही हजारावा.

सरांनीच दोऱ्याचा आग्रह धरला होता. "आधी हाताने मोज. एकदा वाट हाताखालून गेली की बीम कुठे हरवला हे शोधताना रडायची वेळ येत नाही." त्यांचं म्हणणं किती खरं होतं हे मला पुढच्या चार महिन्यांत पटलं.

मी सांगलीची. वडील मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. त्यांच्या शर्टाच्या बाह्यांना कायम पिवळी झाक असायची. लहानपणी त्यांच्याबरोबर हरिपूरला जाऊन मी पेवं पाहिली आहेत, जमिनीखाली खोदलेले खोल खड्डे, ज्यांत हळद हवाबंद करून ठेवत. घरात हळदीचे डाग ही रोजची गोष्ट. आईचा नियम ठरलेला: हळदीच्या डागाला आधी साबण लावायचा नाही, कपडा नुसता ओला करून कडक उन्हात पसरायचा. साबण लावला तर डाग लालभडक होतो, हे आम्हा सगळ्यांना माहीत असतं. हळदीत चुना घालून कुंकू होतं तीच गोष्ट, अल्क मिळाला की रंग फिरतो. पण उन्हात ठेवलेल्या कपड्यावरचा डाग संध्याकाळपर्यंत फिका पडून जातो. पाणी तेच, कपडा तोच, फक्त ऊन. विलिंग्डन कॉलेजात बीएस्सीला प्रकाशरसायन शिकताना पहिल्यांदा कळलं की आई दोरीवर जे करते ती एक प्रकाशाने चालणारी रासायनिक अभिक्रिया आहे. डाग धुऊन जात नाही. रेणूच मोडतो.

पीएचडीसाठी मुंबईच्या एका संशोधन संस्थेत आले तेव्हा सरांनी विचारलं, कुठल्या रेणूवर हात बसवणार? नव्या मुलीला एकदम नवा रेणू द्यायचा नाही, असा आमच्या लॅबचा शिरस्ता आहे. ज्याचं उत्तर छापून आलंय असा रेणू घ्यायचा आणि तेच उत्तर आपल्या मशीनवर आणून दाखवायचं. मी कुरकुमिन म्हटलं. हळदीला पिवळा रंग देणारा मुख्य रेणू. सर हसले, "सांगली ना? घे."

कुरकुमिनची ठेवण मी वहीच्या मागच्या पानावर इतक्या वेळा काढली आहे की डोळे मिटूनही काढता येईल. दोन टोकांना दोन बेन्झिनची कडी, मध्ये कार्बनची साखळी, आणि साखळीच्या मधोमध शेजारी शेजारी दोन ऑक्सिजन. त्या दोघांच्या मध्ये एक हायड्रोजन अडकलेला असतो. एकाशी पक्का बांधलेला, दुसऱ्याकडे ओढला गेलेला. रेणूवर निळा-जांभळा प्रकाश पडला की तो उत्तेजित होतो, आणि तेव्हा हा हायड्रोजन एका ऑक्सिजनकडून दुसऱ्याकडे सरकतो. सरकता सरकता रेणूने घेतलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर पडायची वाट मोकळी होते. म्हणूनच कुरकुमिन द्रावणात फार चमकत नाही. घेतलेला प्रकाश परत न देता मुकाट जिरवतो. २००९ साली अमेरिकेतल्या आयोवामधल्या एका गटाने हे मोजून प्रसिद्ध केलं होतं: मिथेनॉलमध्ये एक टप्पा १२ ते २० पिकोसेकंदांचा, दुसरा साधारण शंभरचा. दुसऱ्या टप्प्यात हायड्रोजन सरकतो. हे मला आमच्या टेबलवर दिसायला हवं होतं.

इतक्या कमी वेळात काय घडतं हे साध्या कॅमेऱ्याला दिसत नाही. नेहमीचा इलेक्ट्रॉनिक डोळा तेवढा चपळ नसतो. मला ही पद्धत समजली ती गाडीच्या हिशोबाने. समजा मिरजेहून रोज रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस ठरल्या वेळी सुटते आणि मला तिचा मुंबईपर्यंतचा प्रवास बघायचाय, पण माझ्याकडे दिवसाला एकच फोटो काढण्याची परवानगी आहे. तर आज सुटल्यावर पाच मिनिटांनी काढायचा, उद्या दहा मिनिटांनी, परवा पंधरा. काही महिन्यांनी सगळे फोटो ओळीने लावले की प्रवास दिसतो. अट एकच, गाडी रोज अगदी त्याच क्षणी सुटली पाहिजे. आमच्याकडे गाडी सोडणारा पल्स (लेसरची क्षणभराची चमक) म्हणजे पंप आणि फोटो काढणारा म्हणजे प्रोब. दोन्ही एकाच लेसर पल्सचे दोन तुकडे असतात, त्यामुळे सुटण्याच्या वेळेत चुकामूक होऊच शकत नाही. आणि दोघांमधलं अंतर घड्याळाने मोजायचं नसतं, प्रोबची वाट लांबवून मोजायचं असतं. आरसे बसवलेली एक सरकती पट्टी, तिला आम्ही डिले स्टेज म्हणतो, ०.१५ मिलिमीटर मागे नेली की प्रकाशाला जाऊन-येऊन ०.३ मिलिमीटर जास्त चालावं लागतं, म्हणजे एक पिकोसेकंद उशीर. लांबीतून वेळ. हे पहिल्यांदा डोक्यात शिरलं तेव्हा मी रात्री वसतिगृहात कोणाला तरी सांगितल्याशिवाय झोपू शकले नाही.

मिली-मायक्रोसेकंदांपर्यंत माणूस १९५० च्या आसपासच पोचला होता. नॉरिश आणि पोर्टर यांनी दिव्याचा झगझगीत फ्लॅश मारून त्यानंतर उरलेले अल्पायुषी तुकडे पकडले आणि १९६७ चं नोबेल आयगेनबरोबर वाटून घेतलं. पण बंध तुटताना बघायचा तर फेम्टोसेकंदच लागतात. ते काम अमेरिकेतल्या कॅल्टेक या संस्थेत झेवैल यांनी १९८० च्या दशकात केलं, आयोडीन सायनाइडचा रेणू सुमारे २०० फेम्टोसेकंदांत फुटताना दाखवला, आणि १९९९ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं. इजिप्तमधल्या दमनहूर गावी जन्मलेला, अलेक्झांड्रियात शिकलेला माणूस. मला हे नेहमी आठवतं.

आता टेबलाकडे येते. सकाळी लॅबमध्ये शिरताना दारातच एक प्लास्टिकची डबी आहे. अंगठी, घड्याळ, बांगड्या, सगळं तिच्यात. आईने हौसेने भरलेला हिरवा चुडा मी पहिल्या दिवशी तिथे काढून ठेवला, कारण काचेच्या एका बांगडीवरून परतलेला बीम कोणाच्या डोळ्यात जाईल याचा नेम नाही. सगळे बीम टेबलापासून एकाच उंचीवर चालतात आणि त्या उंचीला डोळा आणायचा नाही. खाली काही पडलं तर डोळे मिटून, तोंड फिरवून वाकायचं. आमच्या लेसरचा मूळ प्रकाश ८०० नॅनोमीटरचा. डोळ्याला तो जेमतेम फिका लाल दिसतो, त्यामुळे दुबळा वाटतो, आणि तोच घातक असतो. म्हणून बीम डोळ्याने शोधायचा नाही, कार्डाने शोधायचा. खास लेप दिलेलं छोटं कार्ड बीमच्या वाटेत धरलं की त्यावर ठिपका उजळतो.

पल्स एक सेकंदात हजार येतात, प्रत्येक सुमारे १०० फेम्टोसेकंदांचा. तेवढ्या वेळात प्रकाश ३० मायक्रॉन चालतो. म्हणजे उडत्या पल्सची लांबी केसाच्या जाडीपेक्षाही कमी. हा इतका चपटा प्रकाशाचा पापड इतकी ऊर्जा घेऊन जातो की सरळ वाढवायला गेलं तर तो स्वतःच्याच यंत्रातला स्फटिक जाळेल. म्हणून आधी त्याला ताणून लांब करतात, मग वाढवतात, मग पुन्हा दाबून छोटा करतात. ही युक्ती स्ट्रिकलँड आणि मुरू यांनी १९८५ मध्ये शोधली. २०१८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं तेव्हा आमच्या लॅबमध्ये पेढे वाटले होते, असं सिनिअर सांगतात.

पंपसाठी एक तुकडा बीबीओ नावाच्या स्फटिकातून जातो आणि ४०० नॅनोमीटरचा जांभळा होऊन बाहेर पडतो. कुरकुमिन सगळ्यात जास्त प्रकाश ४२५ च्या आसपास शोषतं, तेव्हा ४०० त्याला चांगलाच लागू पडतो. दुसरा तुकडा स्टेजवरून फिरून येतो आणि तीन मिलिमीटरच्या नीलमाच्या चकतीवर केंद्रित होतो. इथे जे होतं ते मी अजूनही रोज थांबून बघते. फिका लाल ठिपका आत जातो आणि पलीकडे पडद्यावर पांढराशुभ्र गोल उमटतो, कडेला इंद्रधनुष्याचं वलय. एकाच रंगातून सगळे रंग. जोर थोडा कमी पडला की पांढरा विझतो, थोडा जास्त झाला की गोल थरथरतो, त्याचे दोन होतात, आणि लक्ष दिलं नाही तर नीलमावर डाग पडतो. समोरची छोटी झडप केसभर उघडत-मिटत तो गोल शांत करायचा, हे हातालाच कळावं लागतं. हाच पांढरा प्रकाश आपला प्रोब: एका फोटोत सगळे रंग, म्हणजे रेणूने कुठल्या रंगात काय बदललं ते एकदम दिसतं.

दोऱ्याने वाटा जुळवल्यावर शून्य शोधायचं. दोन्ही पल्स एकाच क्षणी, एकाच जागी नमुन्यात भेटतात तो क्षण. जागा जुळवायला ५० मायक्रॉनच्या छिद्राची पत्री लावली, दोन्ही बीम तिच्यातून आरपार जाईपर्यंत आरशांच्या मळसूत्रांना एक-एक हलका पीळ देत राहिले. मग छिद्र काढून साधं मिथेनॉल ठेवलं आणि स्टेज हळूहळू सरकवत स्क्रीनकडे बघत बसले. एक दिवस. दोन दिवस. सपाट रेघ. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, बाहेर धो-धो पाऊस, एसी घरघरतोय, आणि स्क्रीनवर एक टोकदार उसळी आली आणि गेली. मी स्टेज मागे घेतलं. परत आली. परत मागे, परत आली. नुसत्या मिथेनॉलमध्ये दोन पल्स एकमेकांना भेटल्याची ती खूण होती, बाकी काही नाही. पण शून्य सापडलं होतं.

त्या उसळीतही एक बारकावा होता. वेगवेगळ्या रंगांत ती किंचित वेगवेगळ्या वेळी दिसायची. पांढरा प्रकाश काचेतून, नीलमातून येताना त्यातला लाल पुढे निघतो आणि निळा मागे राहतो. म्हणजे प्रत्येक रंगाचं शून्य वेगळं. नंतर आकडेमोड करताना एकेका रंगाची वेळ मागेपुढे सरकवून घ्यावी लागते. ते केलं नाही तर रेणूच्या नावावर काचेची गोष्ट छापली जाते.

आता कुरकुमिन. बाजारातली 'शुद्ध' बाटलीही पुरती शुद्ध नसते. हळदीत तीन भावंडं एकत्र असतात आणि सहसा एकत्रच विकली जातात. मी सिलिकाच्या कॉलमवर ती वेगळी केली. काचेच्या नळीत एकाखाली एक तीन पिवळे पट्टे उतरत होते, सगळ्यात पुढे कुरकुमिन. गोळा केलेली पूड अॅल्युमिनिअम फॉइलमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये. द्रावण केलं की तेही अंधारात. ज्या रेणूला आई मुद्दाम उन्हात टाकायची, त्याला मी फॉइलमध्ये लपवत होते.

पहिला आलेख आला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. नळी दाबून द्रव पुढे ढकलणाऱ्या पेरिस्टॅल्टिक पंपाने द्रावण पातळ काचेच्या सेलमधून फिरत होतं, म्हणजे दर पल्सला ताजे रेणू. चॉपर एक आड एक पंप पल्स अडवत होता, म्हणजे पंप पल्ससह आणि त्याच्याशिवाय अशी तुलना दर दोन पल्सना. बदल असतो हजारातल्या काही भागांएवढा. एका फेरीत तो यंत्राच्या नकोशा चढउतारांत (नॉइजमध्ये) बुडालेला होता. वीस फेऱ्यांची सरासरी घेतली आणि धुकं विरून डोंगर दिसावा तशी रेघ वर आली. डावीकडे मूळ रेणू कमी झाल्याची खाच, आमच्या पांढऱ्याची हद्द ४५० ला संपत असल्याने तिची फक्त शेपटीच. मध्ये उत्तेजित रेणू शोषतात तो उंचवटा. उजवीकडे दुसरी खाच, उत्तेजित रेणूकडून परत मिळालेल्या प्रकाशाची, आणि ती पहिल्या काही पिकोसेकंदांत लालकडे सरकत जात होती. मिथेनॉलचे रेणू उत्तेजित कुरकुमिनभोवती वळून बसत होते, त्याला सावरून घेत होते, त्याचीच ती चाल. तो १२ ते २० पिकोसेकंदांचा टप्पा होता.

मग रेघ शंभरच्या आसपास उतरली. आणि तिथे थांबली नाही. एक छोटा अंश शिल्लक राहिला आणि तोही हळूहळू, साधारण ६०० पिकोसेकंदांत विरत गेला. हा टप्पा छापील निबंधात नव्हता. मी तीन दिवस परत-परत मोजला. दर वेळी तोच आकडा. ग्रुप मीटिंगमध्ये मी तो मांडला, स्लाइडवर नवीन अवस्थेचा बाणही काढला.

आमच्या बंगाली पोस्टडॉक (पीएचडीनंतर संशोधन करणाऱ्या) दादांनी एकच प्रश्न विचारला: स्टेज पुढे गेल्यावर ठिपका हलतो का?

मी तपासलं नव्हतं. जवळून पाहिलं की ठिपका जागच्या जागी वाटायचा. दादा म्हणाले, कुमारिन १५३ ठेव. हा रंग मिथेनॉलमध्ये चार नॅनोसेकंदांच्या आसपास जगतो. दीड नॅनोसेकंदात त्याचा सिग्नल एक तृतीयांशही कमी होता कामा नये. मी ठेवला. निम्म्याहून जास्त कमी झाला. म्हणजे रेणू नव्हता मरत. स्टेज मागे जाताना आमचा प्रोब पंपच्या ठिपक्यावरून हळूहळू घसरत होता. बीम स्टेजच्या रुळांना पुरता समांतर नव्हता. बावीस-तेवीस सेंटिमीटरच्या प्रवासात ठिपका थोड्या मायक्रॉननी सरकत होता, आणि ते सरकणं मला नवीन अवस्था म्हणून दिसत होतं.

त्या रात्री मला खूप वाईट वाटलं, चूक झाली म्हणून नाही, तर तीन दिवस मी मशीनचं म्हणणं रेणूच्या तोंडी घातलं होतं म्हणून. दुसऱ्या दिवशी सर स्वतः आले. बीम समोरच्या भिंतीपर्यंत लांब नेऊन तिथे कागद चिकटवला, त्यावर पेन्सिलीने ठिपक्याचा मध्य टिपला. "स्टेज पुढे ने. आता मागे." भिंतीवर ठिपका चक्क दोन मिलिमीटर चालला. मग स्टेजच्या आधीच्या दोन आरशांवर काम सुरू झालं: स्टेज जवळ असताना पहिल्या आरशाने जुळवायचं, दूर असताना दुसऱ्याने, पुन्हा जवळ, पुन्हा दूर. चाळीस-पन्नास वेळा. सर शेजारी उभे राहून कागदावर नवीन-नवीन टिंबं काढत होते. दुपारी तीनला टिंबावर टिंब पडायला लागलं. कुमारिनने आता जेवढं उतरायला हवं तेवढंच उतरून दाखवलं.

कुरकुमिन पुन्हा ठेवलं. ६०० चा टप्पा गेला. पण शिल्लक राहिलेला बारीक अंश राहिलाच, फक्त आता तो विरत नव्हता. आमच्या स्टेजच्या टोकापर्यंत, दोन नॅनोसेकंदांपर्यंत, सपाट. ही गोष्ट मी तेव्हा वहीत टिपून ठेवली आणि पुढे गेले.

पुढे जायचं होतं ते ड्युटेरिअमकडे. शंभरचा टप्पा खरोखर हायड्रोजन सरकण्याचा आहे हे कशावरून? त्या हायड्रोजनच्या जागी त्याचाच दुप्पट जड भाऊ, ड्युटेरिअम, बसवायचं आणि बघायचं. जड आहे, म्हणून सावकाश सरकेल, टप्पा लांबेल. लॅबमध्ये आधीच ऐकवलं होतं, ड्युटेरेटेड (ड्युटेरिअम घातलेल्या) मिथेनॉलची बाटली महाग, सांडू नकोस. द्रावकातला ड्युटेरिअम आणि रेणूतला तो मधला हायड्रोजन आपोआप अदलाबदल करतात, त्यामुळे विरघळवून ठेवलं की काम होतं.

मोजलं. फरक इतका किरकोळ की आहे म्हणावा का नाही कळेना. या वेळी मी घाईने कोणाला काही सांगितलं नाही. आधी पाइप बघितला. पंपाच्या नळीत, सेलच्या कोपऱ्यांत आदल्या दिवसाचं साधं मिथेनॉल तीन-चार मिलिलिटर तरी शिल्लक असणार, आणि मी एकूण पंधराच मिलिलिटर ओतलं होतं. म्हणजे जवळजवळ पाचवा भाग साधा हायड्रोजन मीच मिसळला होता. नमुना एनएमआरला (रेणूतले हायड्रोजन दाखवणाऱ्या यंत्राला) दिला तर ओएचचं, म्हणजे साध्या हायड्रोजनचं, शिखर स्वच्छ दिसलं. नळी बदलली, सेल ओव्हनमध्ये वाळवला, नळीतून आधी थोडं ड्युटेरेटेड मिथेनॉल फिरवून टाकून दिलं (ते टाकताना जीव तुटला), बाटलीच्या तोंडाला नायट्रोजन लावला, कारण मुंबईच्या जुलैत उघडं मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतंच. आणि रात्री, जिने चढणारं-उतरणारं कोणी नसताना, दारावर 'उघडू नका' लावून मोजायला सुरुवात केली.

पहाटे चारला मी दोन्ही रेघा एकावर एक ठेवल्या. पहिले वीस पिकोसेकंद दोघी हातात हात घालून उतरत होत्या, तिळमात्र फरक नाही. द्रावक सावरून घेतो त्याला आतला हायड्रोजन हलका की जड याच्याशी देणंघेणं नाही. मग त्या फाटल्या. साधी खाली गेली, जड वर रेंगाळली. सरासरीत दीडपटीपेक्षा थोडी जास्त वेळ. बसल्या जागी माझ्या लक्षात आलं की मी ज्याच्याकडे बघतेय ते एका अणूचं वजन आहे. दोन ऑक्सिजनच्या मधल्या त्या एका अणूचं, जो मी शेकडो वेळा वहीत काढला होता. त्याच्यात एक न्यूट्रॉन जास्त आहे आणि ते मला स्क्रीनवर दिसतंय.

सकाळी सरांना दाखवलं. त्यांनी दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं, आधी कुमारिनचा आलेख मागितला, मग धुण्याच्या नोंदी मागितल्या, मग म्हणाले, "छान. नमुन्याचं काय झालं?"

प्रयोगाआधी आणि नंतर द्रावणाचं शोषण तपासायचं असतं. शंभर नॅनोज्यूलच्या एका पल्समध्ये सुमारे २०० अब्ज फोटॉन असतात, सेकंदाला हजार पल्स, रात्रभर. तपासलं तर ४२५ चं शिखर थोडं खाली आलं होतं. फार नाही, पण डोळ्यांनाही द्रावण किंचित फिकट वाटत होतं. रविवारी आईला फोनवर हे सगळं सांगत होते. रेणू प्रकाश घेतो, शंभर पिकोसेकंदांत तो मधला हायड्रोजन हलतो, आणि ऊर्जा जिरून रेणू परत होता तसा होतो. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे त्याला काहीच होत नाही म्हणतेस. मग डाग कसा जातो गं?"

मी वही उघडली. सपाट रेघ. दोन नॅनोसेकंदांनंतरही न विरणारा तो बारीक अंश. जवळपास सगळे रेणू सुखरूप परत येतात, पण थोडेसे वाट चुकून दुसऱ्या, लांब जगणाऱ्या अवस्थेत उतरत असावेत. त्रिक अवस्था म्हणतात तिला. तिथे ते मायक्रोसेकंद टिकू शकतात, आणि तेवढ्या वेळात हवेतला ऑक्सिजन त्यांना गाठू शकतो. मग तुकडे, त्यांत व्हॅनिलिनसुद्धा सापडल्याचं छापून आलेलं आहे. ऊन दिवसभर लागतं ते याचसाठी असेल, की दर वेळी फार थोडे रेणू परत येत नाहीत. 'असेल' म्हणाले, कारण माझं स्टेज तिथपर्यंत पोचत नाही. एक मायक्रोसेकंद बघायला १५० मीटर लांब स्टेज लागेल. त्यासाठी पद्धतच वेगळी, नॅनोसेकंद लेसरची.

ते मशीन आमच्या मजल्यावरच शेवटच्या खोलीत आहे. सोमवारी सकाळी मी तिथल्या रजिस्टरमध्ये पुढच्या आठवड्याचे तीन दिवस माझ्या नावावर लिहून आले. एकदा हवेसकट मोजायचं आहे, एकदा द्रावणातून नायट्रोजन सोडून, ऑक्सिजन काढून.